आवक-जावक

मराठी लेखकाला ‘सध्या काय लिहिताय?’ असं खुशाल विचारावं. चहा गार होईपर्यंत तो सांगत बसेल. ‘मागच्या वर्षी लिहिलेली ती कथा सध्या कुठे आहे?’ असं मात्र विचारू नये. तो एकदम गप्प होतो, छताकडे बघतो आणि म्हणतो, ‘दिलीय एकांकडे.’ हे ‘एक’ कोण, कथा हातात दिली की टपालाने, मेलवर की व्हॉट्सॲपवर, त्यांनी ती वाचली का, यातलं त्याला काही ठाऊक नसतं. रात्री घराबाहेर पडलेल्या बोक्याबद्दल घरच्यांना जेवढी माहिती असते, तेवढीच लेखकाला आपल्या कथेबद्दल असते.

नोंदी ठेवणारे लेखक नसतातच असं नाही. माझ्या ओळखीतले बरेच जण कालनिर्णयवर लिहितात. एका चौकोनात ‘गॅस लावला’, दुसऱ्यात ‘दूध नाही’, तिसऱ्यात ‘कथा पाठवली’. कोणती कथा आणि कुणाला, हे लिहायला जागा उरत नाही, कारण उरलेल्या जागेत संकष्टीचा चंद्रोदय असतो. डिसेंबर संपला की कालनिर्णय रद्दीत जातं आणि वर्षभराचा साहित्यव्यवहार किलोच्या भावाने निकालात निघतो. आमच्याकडचे एक ज्येष्ठ लेखक लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर नोंदी करायचे. त्यामुळे ‘ती कादंबरी ना, ती देशपांड्यांच्या धाकटीच्या लग्नाच्या सुमारास प्रकाशकाकडे दिली,’ एवढं ते छातीठोकपणे सांगू शकत. त्या धाकटीची मुलगी आता कॉलेजात आहे.

इंग्रजीत लिहिणाऱ्यांची तऱ्हा वेगळी. साभार परत आलेली कथा लगेच दुसरीकडे रवाना करायची, ही त्यांच्याकडे शिस्तच आहे. रॉबर्ट हाइनलाइन या अमेरिकन विज्ञानकथाकाराने १९४७ साली होतकरू लेखकांना पाच नियम सांगितले. त्यातला शेवटचा नियम असा की विकली जाईपर्यंत कथा बाजारात फिरती ठेवा. स्टीफन किंगने पोरवयात भिंतीला खिळा ठोकून त्यावर नकाराच्या चिठ्ठ्या टोचायला सुरुवात केली. चौदा वर्षांचा होईतो तो खिळा चिठ्ठ्यांच्या ओझ्याला पुरेना, तेव्हा त्याने त्याहून जाडजूड खिळा ठोकला, असं त्यानेच ‘ऑन रायटिंग’मध्ये लिहिलंय. ते वाचून मीही भिंतीला एक खिळा ठोकला. पण टोचायला काही आलंच नाही. सध्या त्यावर कालनिर्णय आहे.

तर ज्यांच्याकडे नकारसुद्धा वेळच्या वेळी येतात, त्यांना हिशेब ठेवायला सॉफ्टवेअर लागणारच. ऑस्ट्रेलियातल्या पर्थचा सायमन हेन्स नावाचा एक विनोदी विज्ञानकथाकार आहे. हॅल स्पेसजॉक नावाचा धांदरट अवकाशवैमानिक आणि त्याच्याहून कितीतरी शहाणा यंत्रमानव अशी त्याच्या कादंबऱ्यांतली जोडगोळी. हा गृहस्थ प्रोग्रामरही आहे. कादंबरी प्रकरणाप्रकरणाने रचायला त्याने ‘वायरायटर’ नावाचं सॉफ्टवेअर केलं आणि कथा कुठे-कुठे गेल्यात याचा माग ठेवायला ‘सोनार’ नावाचं. सोनार हे फुकट. पाणबुडीतलं सोनार पाण्यात आवाज सोडतं आणि प्रतिध्वनी आला की समोर काय आहे ते सांगतं. लेखकाच्या धंद्याला इतकं चपखल नाव मी दुसरं पाहिलेलं नाही. फक्त पाण्यात कुणीतरी असावं लागतं.

जूनमध्ये दिवाळी अंकांची आवाहनं यायला लागली, तसा मी सोनार उतरवून घ्यायला बसलो. आपल्याकडे दिवाळी अंकाची परंपरा १९०९ सालच्या ‘मनोरंजन’पासून मोजतात. का. र. मित्रांनी ती सुरू केली आणि तेव्हापासून मराठी लेखक दर पावसाळ्यात कथा पाठवून दर हिवाळ्यात तिचा शोध घेत आलेला आहे. एवढ्या वर्षांत कुणीच नोंद ठेवली नाही, तर आपण तरी ठेवावी, असा माझा उदात्त विचार.

डाउनलोड होताच विंडोजने निळी पाटी आडवी घातली: तुमच्या संगणकाचं रक्षण केलेलं आहे. फारशा नावारूपाला न आलेल्या प्रोग्रामवर विंडोज अशी पाटी लावतं. अधिक माहितीवर टिचकी मारली, तर ‘प्रकाशक: अज्ञात’. मला गहिवरूनच आलं. माझी तीनही पुस्तकं ज्यांनी काढली त्यांचा नेमका हाच तपशील पुस्तक विक्रेते सांगतात. खाली ‘रन एनीवे’ असं बटण होतं, म्हणजे काय वाट्टेल ते होवो, चालवा. मराठी प्रकाशनव्यवहार याच बटणावर चाललाय, म्हणून मी ते निर्धास्तपणे दाबलं.

मग करारपत्र आलं. सॉफ्टवेअरचं करारपत्र जगात कुणी वाचत नाही. सर्रकन खाली जायचं आणि ‘मला मान्य आहे’वर खूण करायची. लेखकाला हा प्रसंग जरा हळवा करणारा असतो. आयुष्यभर आपलं लेखन दुसऱ्याने स्वीकारावं म्हणून ताटकळत राहायचं, आणि इथे कुणीतरी लिहिलेला पानंच्या पानं मजकूर घेऊन बसलाय, आपल्या होकारासाठी अडलाय, त्याशिवाय त्याचं पुढचं पाऊल पडत नाही. मी मुद्दाम दोन मिनिटं थांबलो. ‘बघू’ म्हणालो. मग स्वीकारलं, संपादक स्वीकारतात तसंच, न वाचता.

सॉफ्टवेअरचा गाभा साधा. एकीकडे तुमच्या कथांची यादी, दुसरीकडे ‘मार्केट’ म्हणजे कथा घेणाऱ्या मासिकांची यादी, आणि या दोन्हींची गाठ घालणाऱ्या नोंदी: अमुक कथा तमुक तारखेला अमक्याकडे गेली, तमुक तारखेला उत्तर आलं, घेतली की नाकारली, पैसे किती. कुठली कथा कामाला गेलीय आणि कुठली घरात बसून खातेय, ते एका नजरेत कळतं.

कथांच्या यादीपाशीच पहिली ठेच लागली. इंग्रजी मासिकं शब्दांवर पैसे देतात, म्हणून तिथे शब्दसंख्येला महत्त्व. आपल्याकडे कुठल्याही संपादकाने मला शब्द किती असं विचारलेलं नाही. ‘किती पानं होतील?’ असं विचारतात आणि आपण काहीही सांगितलं तरी ‘जरा जास्त होतायत’ म्हणतात. पूर्वी पाठपोट फुलस्केपवर लिहायचो तेव्हा हिशेब सोपा होता. आता कुणाला युनिकोड हवं, कुणाला श्रीलिपी, कुणाला वर्डची फाईल आणि सोबत पीडीएफ. एका अंकाच्या आवाहनात ‘सुवाच्य हस्तलिखिताचा फोटोही चालेल’ असं होतं. तिथे पाठवली. ‘फाईल उघडत नाही,’ असं त्यांनी कळवलं.

मार्केटच्या यादीत नाव, संपादक, पत्ता भरत गेलो. दिवाळी अंक शेकड्यांनी निघतात. त्यातल्या निम्म्यांचा पत्ता म्हणजे संपादकांचं राहतं घर आणि खूण म्हणजे घराखालचं मेडिकल. पिनकोड भरताना मात्र एका माणसाला मनोमन नमस्कार केला. १५ ऑगस्ट १९७२ पासून देशात सहा आकडी पिनकोड आला तो श्रीराम भिकाजी वेलणकरांच्या डोक्यातून. टपालखात्यातले अधिकारी, आणि संस्कृतात काव्य-नाटकं लिहिणारा माणूस. अख्ख्या देशातलं पत्र नेमकं कुठे गेलं हे आकड्यांत बसवावं असं एका लेखकालाच वाटलं, यात मला तरी नवल वाटत नाही. त्यांनीही कधीतरी कुणाकडे तरी काहीतरी पाठवलंच असेल.

याच सुमाराला ताई राहायला आली. ताई माझी थोरली बहीण. एका पंचायत समितीत आवक-जावक टेबलावर तिने उमेदीची वर्षं काढली आणि निवृत्त झाली, म्हणजे पगार थांबला, एवढंच. तिने पाठीमागून पडद्याकडे पाहिलं.

‘काय रे हे?’

‘सोनार.’

‘सोनाराकडे काय नोंदवतोस? गहाण ठेवलंस काही?’

तिला सगळं समजावून सांगितलं. चष्मा सारखा करत ती रकाने वाचत गेली. तारीख, कुणाकडे, विषय, निकाल. ‘अरे, हे आवक-जावक रजिस्टरच की! आम्ही हे टाक-दौतीच्या जमान्यापासून ठेवतोय. परदेशातनं कशाला आणवलंस?’ मग तिचा चेहरा एकदम उतरला. ‘यात शेरा कुठाय?’

‘टिपा लिहायला जागा आहे की.’

‘टिपा म्हणजे शेरा नव्हे. टिपा आपण लिहितो. शेरा साहेब लिहितात. शेऱ्याचा रकाना नसला तर रजिस्टर तपासणीत नापास होतं.’

त्या दिवसापासून माझा साहित्यव्यवहार ताईच्या ताब्यात गेला. तिने कथा सहा गठ्ठ्यांत लावायला घेतल्या. सरकारी कचेरीत ही सहा गठ्ठा पद्धत असते: प्रलंबित, प्रतीक्षाधीन, नियतकालिकं, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायची प्रकरणं आणि शेवटचा गठ्ठा नष्ट करायच्या कागदांचा. मी लिहायला घेतलेली पण अडकलेली ती प्रलंबित, म्हणजे दिरंगाई माझी. संपादकांकडे पडून असलेली ती प्रतीक्षाधीन, म्हणजे दिरंगाई त्यांची. हा फरक इतका बारीक आणि इतका न्याय्य होता की माझ्या लेखनाची एवढी काटेकोर समीक्षा आजवर कुणी केली नसेल. ‘स्थायी आदेश’ या गठ्ठ्यात काय ठेवायचं, असा मला प्रश्न पडला. ताईने तिथे एक कोरा कागद ठेवून त्यावर लिहिलं: ‘फोन करून विचारू नये.’

पुढे वर्गवारी. ‘अ’ वर्गाचे कागद कायम जपायचे, ‘ब’ तीस वर्षं, ‘क’ त्याहून कमी, ‘ड’ वर्षभरात नाश. ताईने माझ्या तारुण्यातल्या कविता एका हाताने उचलून ‘ड’ गठ्ठ्यावर ठेवल्या.

‘अगं, वाच तरी!’

‘वर्गीकरण वाचून करत नाहीत. विषय बघून करतात.’

जुलै संपेपर्यंत सगळ्या कथा बाहेर पडल्या. सॉफ्टवेअरमध्ये त्यांची छान रांग लागली, पाठवल्याच्या तारखा भरल्या आणि मी उत्तरं भरायला सज्ज होऊन बसलो. इथे पर्थ आणि आमचं कराड यांच्यातलं खरं अंतर मला कळलं.

त्यांच्याकडे उत्तर दोनच प्रकारचं असतं, होय किंवा नाही. इतकंच नव्हे, तर ते किती दिवसांत येतं याचीही ते मोजदाद करतात. ड्युओट्रोप नावाचं एक संकेतस्थळ २००५पासून हे करत होतं. २०१३च्या सुरुवातीला त्याने पैसे घ्यायला सुरुवात केली, तेव्हा काही लेखकांनी त्याच वर्षी सबमिशन ग्राइंडर नावाचं दुसरं फुकट संकेतस्थळ उभं केलं. अमुक मासिक नाकारायला सरासरी किती दिवस घेतं, स्वीकारायला किती, याचे आलेख तिथे बघायला मिळतात. लेखकच आपापल्या तारखा कळवतात आणि त्यातून ते तयार होतात. मराठीत असं काही काढायचं म्हटलं तर आलेखाला एकच अक्ष पुरेल. हस्तलिखित परत येण्याचा मराठीतला सर्वांत चांगला विक्रम अजूनही इंद्रायणीच्या नावावर आहे. आख्यायिकेप्रमाणे तेरा दिवस, तेही कोरडं.

आमचे संपादक नाही म्हणत नाहीत. मी पाठवलेल्या कथांना ऑगस्टभरात जे प्रतिसाद आले ते असे. एकांनी सांगितलं, ‘जाहिराती किती येतात त्यावर ठरेल.’ दुसरे म्हणाले, ‘कथा वाचली. उत्तमच. प्रवासलेख आहे का एखादा?’ तिसरे म्हणाले, यंदा पावसावर विशेषांक काढतोय, कथेत कुठे पाऊस घालता येईल का. मी घातला. मग त्यांनी विशेषांकाचा विषय बदलून ‘दुष्काळ’ केला. चौथ्यांनी नुसता हात जोडलेला इमोजी पाठवला, जो मराठीत स्वागताला, आभाराला, क्षमेला आणि श्रद्धांजलीलाही चालतो. यातलं सॉफ्टवेअरच्या ‘घेतली’मध्ये काय टाकायचं आणि ‘नाकारली’मध्ये काय? मी दोन्ही पर्यायांवर बाण नेऊन परत आणत होतो.

‘दोन निळ्या टिका आल्यात, म्हणजे वाचली असणार,’ मी ताईला म्हणालो.

‘निळी टीक ही पोच झाली. पोच म्हणजे निर्णय नव्हे. पोच शिपाईसुद्धा देतो.’

‘रात्री पावणेबारापर्यंत ऑनलाइन होते गं ते!’

‘कचेरीत साहेब सात वाजेपर्यंत बसतात. म्हणून फाईल हलते का?’

मग तिने मला २००५च्या कायद्याची माहिती दिली. बदल्यांच्या विनियमनाचा आणि सरकारी कामातल्या विलंबाला प्रतिबंध करणारा हा महाराष्ट्राचा कायदा. त्यात म्हटलंय की कुठल्याही कर्मचाऱ्याकडे फाईल साधारणपणे कामकाजाच्या सात दिवसांहून जास्त पडून राहता कामा नये. ‘आणि राहिली तर?’ मी विचारलं. ताई हसली. ती इतकं मनापासून हसलेली मी तिच्या निरोपसमारंभानंतर पहिल्यांदाच पाहत होतो.

संपादकांची बाजूही सांगितली पाहिजे. आपल्याकडचा दिवाळी अंकाचा संपादक जाहिरातीही आणतो, मुद्रितंही तपासतो, कागदाच्या भावासाठी वादही घालतो, आणि अंक निघाला की स्कूटरच्या पायाशी गठ्ठे ठेवून स्टॉलवर पोचवतोही. एवढं करून तो कथाही वाचतो, ही त्याची मेहेरबानीच. पण नकार न देण्याचं खरं कारण वेळेचा अभाव हे नव्हेच. न्यूयॉर्कच्या संपादकाला ओहायोतला लेखक जन्मात कधी भेटणार नसतो, म्हणून तो बेधडक नाही म्हणू शकतो. माझा संपादक मला येत्या महिन्यात कुणाच्या तरी मुंजीत भेटणार असतो. साहित्य संमेलनात जेवणाच्या रांगेत आम्ही दोघं पुढे-मागे उभे असतो, हातात ताटं घेऊन. अशा ठिकाणी ‘तुमची कथा टाकाऊ होती’ हे वाक्य कसं म्हणायचं? त्याऐवजी तो म्हणतो, ‘तुमची कथा आहे आमच्याकडे.’ मीही म्हणतो, ‘असू द्या, असू द्या.’ आणि दोघंही श्रीखंडाकडे सरकतो. या सौजन्यासाठी सॉफ्टवेअरमध्ये रकाना नाही.

माझे एक कविमित्र माझा हा खटाटोप ऐकून मुद्दाम बघायला आले. त्यांच्या कविता संख्येने अफाट. एक कविता ते एकाच वेळी जमेल तितक्या अंकांना पाठवतात, कारण त्यांच्या मते कविता ही प्रकाशित होत नाही, प्रसृत होते. ‘एकच साहित्य एका वेळी दोन ठिकाणी पाठवू नये असा दंडक असतो,’ मी म्हणालो. ‘राव, तो गद्याला,’ ते म्हणाले. एका दिवाळीत त्यांची एक कविता तीन अंकांत आली होती. तिन्ही संपादक संतापले, पण ती कविता वाचलेले महाराष्ट्रात तेवढे तिघंच निघाले, त्यामुळे प्रकरण चिघळलं नाही. सॉफ्टवेअर बघून त्यांनी एकच विचारलं, ‘यात “वाचून दाखवली” असा रकाना आहे का?’ त्यांच्या आयुष्याचा बहुतांश हिशेब त्या रकान्यात जातो. ताईने त्यांना बसवून त्यांच्या कविता विषयवार लावायची तयारी दाखवली. ‘ड’ वर्गाची व्याख्या ऐकून ते चहा न घेताच गेले.

मानधनाचा रकाना मी बरेच दिवस उघडलाच नव्हता. उघडल्यावर मागच्या काही वर्षांचे आकडे आठवून भरले. कुठे मानधन म्हणून अंकाची भेटप्रत मिळालेली. कुठे तीही ‘टपालखर्च पाठवल्यास’. एका अंकाने खरोखरच धनादेश दिलेला, त्यावर माझं नाव चुकलेलं, ते दुरुस्त करून घ्यायला मी एसटीने गेलो होतो. नातेवाइकांना वाटायला विकत घेतलेल्या प्रती, त्या संपादकांनी गळ घातली म्हणून भरलेली वार्षिक वर्गणी, आणि मेव्हण्याच्या हार्डवेअर दुकानाची मिळवून दिलेली पाव पान जाहिरात. बेरीज उणे आली. इंग्रजी लेखकांची मिळकत शब्दाला सेंटांत मोजतात. माझी शब्दाला मी किती देतो, अशी मोजावी लागेल.

गणपती गेले, नवरात्र झालं, अंक येऊ लागले. मराठी लेखकाला आपली कथा छापून आल्याचं दोनच मार्गांनी कळतं. एक म्हणजे स्टॉलवर उभं राहून, विकत घ्यायचा नाहीच अशा आविर्भावात, अनुक्रमणिका चाळणं. दुसरा म्हणजे वाचनालयाच्या दिवाळी अंक योजनेत पैसे भरलेल्या एखाद्या दूरच्या काकूंचा फोन: ‘वाचली हो तुझी कथा. शेवट कळला नाही.’ दोन्ही मार्गांनी यंदा काही कळलं नाही. सॉफ्टवेअरमधली रांग जशीच्या तशी उभी. ताईने सगळ्यांना ‘प्रतीक्षाधीन’ केलं आणि ती दिवाळीला स्वतःच्या घरी गेली.

तुळशीचं लग्न झाल्यावर एक फोन आला. नंबर अनोळखी.

‘नमस्कार सर, अंक पोचला का?’

‘कुठला अंक?’

अंक अकोल्याकडचा. नाव मी कधी ऐकलेलं नव्हतं. त्यात माझी कथा, सचित्र, शिवाय शेवटच्या पानावर माझा परिचय, तो मात्र दुसऱ्याच कुणाचा तरी.

‘पण मी तुमच्याकडे पाठवली नव्हती!’

‘हो हो, ती पुण्याच्या सरांनी दिली ना. त्यांच्याकडे यंदा कथा फार झाल्या. म्हणाले, चांगली आहे, वाया जायला नको. मानधनाचं बघूच आपण. तुमच्याकडे सभासद होण्यासारखं कुणी आहे का?’

फोन ठेवून मी सॉफ्टवेअर उघडलं. पुण्याकडे गेलेली कथा पुण्याकडेच दिसत होती, बिचारी. अकोल्याचा अंक मार्केटच्या यादीतच नव्हता. तो यादीत घ्यायचा, मग पाठवल्याची तारीख घालायची आणि मगच ‘घेतली’ म्हणता येणार. पण मी पाठवली कधी? कथा लेखकाने पाठवली तरच हलते, या एका गृहीतकावर हा सगळा डोलारा उभा आहे. कथा संपादकांच्या आपापसातल्या स्नेहसंबंधांवर स्वतःहून फिरते, एकाच्या पिशवीतून दुसऱ्याच्या कपाटात जाते, नको त्या ठिकाणी राहून हव्या त्या ठिकाणी छापली जाते, हे पर्थमध्ये बसून कुणाला सुचणार? सायमन हेन्सने आकाशगंगा ओलांडणारे वैमानिक कल्पिले, पण पुण्याचे सर त्याच्याही कल्पनेच्या पलीकडचे.

मी ताईला फोन लावला. ती जराही चकित झाली नाही.

‘वर्ग केलीय कथा. माहितीच्या अधिकारात कलम ६(३) असतं. अर्ज चुकीच्या कचेरीत आला तर पाच दिवसांत योग्य कचेरीकडे हस्तांतरित करायचा. पण वर्ग केल्याचं अर्जदाराला कळवायला हवं होतं. ते त्यांनी केलेलं नाही. पत्र जाऊ दे.’

मसुदा तिनेच फोनवर सांगितला. ‘विषय: कथा या साहित्यप्रकाराचे परस्पर हस्तांतरण झालेबाबत. संदर्भ: अकोला येथून प्राप्त दूरध्वनी. महोदय, उपरोक्त विषयान्वये सविनय सादर करण्यात येते की...’ शेवटी मी ‘आपला स्नेहांकित’ लिहिलं होतं, ते खोडायला लावून तिने ‘आपला विश्वासू’ घातलं. खाली ‘प्रत माहितीस्तव: संपादक, अकोला’ आणि ‘प्रत: निवड नस्ती’. निवड नस्ती म्हणजे माझ्या टेबलाचा खण.

पत्र स्पीड पोस्टाने गेलं आणि आठवड्याच्या आत पुण्याहून उत्तर आलं. संपादकांकडून छापील लेटरहेडवर, जावक क्रमांक घातलेलं, सहीखाली तारीख असलेलं पत्र मला लेखनाच्या कारकिर्दीत पहिल्यांदाच मिळत होतं. नंतर कळलं की सर जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले आहेत. आत एकच ओळ होती: ‘आपल्या पत्राची नोंद घेण्यात आली असून यथावकाश कळविण्यात येईल.’

मी ताईला मोठ्याने वाचून दाखवलं. फोनच्या पलीकडे क्षणभर शांतता होती. आपल्या तोलामोलाचं माणूस भेटल्यावर होते तशी.

‘घेतली टाकू की नाकारली?’ मी विचारलं.

‘प्रतीक्षाधीनच ठेव,’ ताई म्हणाली. ‘आणि तीन महिन्यांनी स्मरणपत्र. क्रमांक एक.’